मूल शी-शू सांगत नाही, तेव्हा

बालवाडीच्या प्रवेशाच्या वेळी पालकांना जे प्रश्न विचारण्यात येतात, त्यांपैकी एक छापील अर्जावर सहसा नसतो, परंतु बहुधा तोच आधी विचारला जातो : "मूल शी-शू सांगते ना?" उत्तर होकारार्थी असेल तर पुढचे बोलणे होते. नकारार्थी असेल तर "दोन-तीन महिन्यांनी आणा," असे सांगून आईला परत पाठविण्यात येते. ठाणे, कल्याण, डोंबिवली ह्या पट्ट्यात पुष्कळ घरांतील आई-वडील दोघेही सकाळच्या लोकलने कामावर जातात. तेथे ह्या दोन-तीन महिन्यांचा अर्थ अनेकदा आईने नोकरी सोडणे असा होतो. नाही तर ती नाइलाजाने "हो, सांगते," असे खोटे उत्तर देते आणि त्या खोट्या उत्तराचा भार साडेतीन वर्षांच्या मुलावर पडतो. पहिल्याच आठवड्यात त्याची चड्डी ओली होते, शेजारची मुले नाक धरतात, बाईंच्या कपाळावर आठी चढते आणि संध्याकाळी घरी बोलणी अथवा मार ठरलेला असतो.

विषय क्षुल्लक, किंबहुना काहीसा संकोचाचा वाटतो. शासकीय पत्रव्यवहारात तो क्वचितच येतो. तथापि दिनांक 2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि 3 ते 6 वयोगटातील मुलांचे शालेयपूर्व शिक्षण हा तिचा एक भाग ठरला, तेव्हापासून घराच्या मोरीपर्यंत मर्यादित असलेला हा प्रश्न अंगणवाडी सेविकेच्या, मुख्यसेविकेच्या आणि पर्यायाने नगरपालिका व ग्रामपंचायतीच्याही दारात येऊन उभा राहिला आहे. प्रस्तुत लेखिकेने ह्या भागातील बालवाड्यांत बरीच वर्षे काम केले आहे. ज्यांना "हट्टी" म्हणून माझ्यापुढे आणण्यात आले, त्या मुलांपैकी खरोखरीची हट्टी मुले फारच थोडी होती. बहुतेक मुले घाबरलेली होती, काहींना वेदना होत होत्या आणि काहींना जागाच धड नव्हती.

आजीची पावले

आपल्याकडे मूल ह्या बाबतीत कसे शिकत असे, हे आठवून पाहण्यासारखे आहे. बाळ मान धरू लागले की आई किंवा आजी पाय पुढे पसरून बसते, दोन्ही पावले किंचित दूर ठेवून त्यांच्यावर बाळाला बसविते, त्याला हातांचा आधार देते आणि तोंडाने "शू ऽ शू" असा बारीक आवाज करते. दूध पाजल्यानंतर, झोपेतून उठल्यानंतर आणि आंघोळीपूर्वी हा क्रम चाले. बाळाने चेहरा लाल केला, अंग ताणले की आजीच्या लक्षात येई. ह्या पद्धतीत आधी शिकते ती आजी. बाळ तिच्यामागून शिकते, असे म्हटले तरी चालेल. मात्र बाळाला वेळ कळते, स्थिती कळते, आवाज कळतो आणि हे काम कोणाच्या तरी उबदार आधाराने करावयाचे असते, हेही कळते.

पाश्चात्त्य वैद्यकशास्त्राने हा विषय वेगळ्या वाटेने अभ्यासिला. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ डॉ. ब्रेझेल्टन यांनी 1962 साली 1170 मुलांवरील आपले निरीक्षण प्रसिद्ध केले. मुलाची शारीरिक व मानसिक तयारी दिसेपर्यंत थांबावे, मग हलके हलके शिकवावे, असा त्यांचा सल्ला होता. त्या मुलांनी दिवसाचे नियंत्रण सरासरी 28.5 महिन्यांच्या वयात मिळविले होते. पुढे 1977 साली पूर्व आफ्रिकेतील दिगो लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तेथील आया पहिल्या काही आठवड्यांतच बाळाला विशिष्ट पद्धतीने पायांत धरून विशिष्ट आवाज करतात आणि मूल चार-सहा महिन्यांत त्याला प्रतिसाद देऊ लागते, असे त्यात आढळले. आपल्या आजीला ह्यात काहीच नवल वाटले नसते! दोन्ही पद्धतींत वयाचे अंतर मोठे आहे. परंतु शिक्षेला दोन्हींत स्थान नाही. वयावरून वाद घालण्यापेक्षा ही गोष्ट ध्यानात ठेवणे अधिक उपयोगाचे.

आज अडचण आहे ती अशी की, आजीची पद्धत मोडली आणि दुसरी पद्धत पुरती आली नाही. आजी गावी असते. आई-वडील डोंबिवलीत एका खोलीत अथवा दिव्यातील, टिटवाळ्यातील नव्या इमारतीत राहतात. मूल दिवसाचे दहा-बारा तास पाळणाघरात असते आणि तेथे अनेक मुलांमागे एकच बाई असल्याने सर्वांना डायपर बांधलेले असते. डायपर ही वस्तू वाईट आहे असे नाही. प्रवासात आणि आजारपणात ती सोयीचीच आहे. परंतु दिवसभर डायपरमध्ये असलेल्या मुलाला आपण ओले झालो हे जाणवतच नाही. पूर्वी लंगोट भिजला की मूल स्वतःच कुरकुरत असे. ती जाणीव म्हणजे शिक्षणाची पहिली पायरी होती. तीन वर्षांपर्यंत ही पायरीच लाभली नाही आणि मग प्रवेशाच्या आधी आठ दिवसांत सर्व काही यावे, अशी अपेक्षा केली तर ती पुरी व्हावी कशी?

मूल तयार झाल्याची लक्षणे साधी असतात. दीड-दोन तास ते कोरडे राहते. शी येण्यापूर्वी कोपऱ्यात, पलंगामागे किंवा दाराआड जाऊन उभे राहते. चड्डी स्वतः खाली ओढता येते. साधी सूचना समजते. ही लक्षणे साधारणपणे दीड ते तीन वर्षांच्या दरम्यान दिसू लागतात. काही मुलांत थोडी उशिरा. रात्रीची गोष्ट निराळी. रात्रीचा कोरडेपणा शिकवून येत नाही, तो शरीराच्या वाढीबरोबर येतो. पाच वर्षांच्या मुलांपैकी शेकडा सुमारे पंधरा मुले अंथरूण ओले करतात आणि बहुतेकांची ही सवय पुढे आपोआप जाते. अशा मुलाला सकाळी चारचौघांत ओले अंथरूण दाखविणे हा निव्वळ क्रूरपणा होय.

धरून ठेवणारे मूल

ह्या विषयातील सर्वांत दुर्लक्षित भाग बद्धकोष्ठाचा आहे, म्हणून तो विस्ताराने सांगणे अवश्य वाटते.

डोंबिवलीतील एका चाळीतील चार वर्षांचा मुलगा रोज चड्डी खराब करतो, अशी तक्रार होती. आई म्हणाली, "बाई, ह्याला सारखे पातळ होते." जुलाब समजून तिने त्याची भाकरी, भाजी, फळे सर्व बंद केली होती आणि तो दूध-बिस्किटांवर राहत होता. मुलगा शी आली की पाय एकमेकांत गुंतवून, टाचा उचलून, भिंतीला धरून उभा राही. आईला वाटे की तो कुंथत आहे. वस्तुतः तो शी आत रोखून धरीत होता. डॉक्टरांनी पोट तपासले तेव्हा खाली कठीण मळाचा गोळाच हाताला लागला. जुलाब नव्हेच, त्या गोळ्याच्या कडेने पातळ मळ झिरपत होता आणि तो मुलाला कळतही नव्हता.

हे कसे घडते, ते प्रत्येक सेविकेला ठाऊक असावयास हवे. एखादे दिवशी मुलाला खडा होतो, गुदद्वाराला बारीकशी चीर पडते, दुखते. दुसऱ्या दिवशी दुखण्याच्या भीतीने मूल शी रोखते. रोखलेल्या मळातील पाणी आतड्यात शोषले जाते, तो आणखी कठीण होतो आणि पुढच्या वेळी आणखी दुखते. अशा रीतीने चक्र सुरू झाले की मलाशय ताणले जाऊन सैल पडते आणि ते भरल्याची सूचना मेंदूपर्यंत नीट पोहोचत नाही. भरलेले मलाशय शेजारच्या मूत्राशयावर दाब देते. त्यामुळे अशी मुले कपडेही ओले करतात. असे मूल "मला कळलेच नाही," असे म्हणते तेव्हा ते बहुधा खरे बोलत असते. आपण मात्र त्याला खोटारडे ठरवितो.

वरील मुलाला रोखण्याचे कारणही सापडले. चाळीचे संडास गॅलरीच्या टोकाला. तेथील दिवा गेलेला. आत मोठ्या माणसांच्या मापाचे भांडे, त्यावर लहान पावले पुरत नाहीत, मध्ये काळोखी खोलगट जागा आणि बाहेर रांगेतील माणसांची दारावर थाप. एकदा त्याचा पाय घसरला होता. त्यानंतर त्याने आपल्या परीने उपाय शोधला : जायचेच नाही.

उपचार लांबला, पण अवघड नव्हता. डॉक्टरांनी मळ मऊ ठेवणारे औषध दिले आणि ते काही महिने, बरे वाटले तरी न थांबविता, घेण्यास सांगितले. हे महत्त्वाचे आहे, कारण ताणलेले मलाशय पूर्ववत होण्यास वेळ लागतो आणि पालक आठवड्याभरात औषध बंद करून मोकळे होतात. दूध-बिस्किटे कमी होऊन भाकरी, पालेभाजी, वरण, पेरू, पपई आणि भरपूर पाणी सुरू झाले. जेवणानंतर आतड्यांची हालचाल स्वाभाविकपणेच वाढते, म्हणून रात्रीच्या जेवणानंतर वडील त्याला खोलीतच प्लॅस्टिकच्या लहान भांड्यावर पाच-सात मिनिटे बसवू लागले. शी झाली तर बरे, न झाली तरी बरे; त्यावर चर्चा नाही. तिसऱ्या महिन्यात तो नेमाने बसू लागला. गणपतीला गावी गेल्यावर सारे पुन्हा बिघडले आणि परत आल्यावर पुन्हा जमले. असे चढउतार होतातच. चाळीच्या संडासात तो गेला तो पुढच्या वर्षी, नवा दिवा लागल्यावर आणि वडिलांचा हात धरून.

येथे एक सूचना करणे अगत्याचे वाटते. दर आठवड्याला एरंडेल पाजणे, गुदद्वारात साबणाची कांडी घालणे, हे घरगुती उपाय मुलाची भीती वाढवितात. गरम पळीची धमकी अद्याप ऐकू येते. ती देणाऱ्या आजीला हे नम्रपणे परंतु स्पष्ट सांगावयास हवे.

लहान खुर्ची, मोठे भांडे

अंगणवाडी ही कल्पना ज्या भूमीत रुजली, ती त्या काळी ठाणे जिल्ह्यातच होती. श्रीमती ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. श्रीमती अनुताई वाघ यांची त्यांना जोड लाभली. 1957 साली हे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. (1 ऑगस्ट 2014 पासून हा भाग पालघर जिल्ह्यात मोडतो.) मूल बालवाडीत येत नसेल तर बालवाडीने मुलाच्या अंगणात जावे, हा त्यांचा विचार. वस्तीत गेल्यावर मुलांचे हात-तोंड धुणे, त्यांना आंघोळ घालणे, केस विंचरणे हा त्यांनी शिक्षणाचाच भाग मानला. शिक्षणापूर्वीची कटकट मानली नाही.

माँटेसरी पद्धतीतून आपण लहान खुर्च्या, लहान टेबले आणि मुलाच्या हाताला लागतील अशी कपाटे घेतली. सामान मुलाच्या मापाचे असावे, हे तत्त्व आपल्याला पटले. पण ते वर्गाच्या दारापाशी थांबले. बालवाडीच्या मागील बाजूस गेले की भांडे मोठ्यांचे, नळ उंचावर, कडी उंचावर आणि टमरेल दोन हातांनीही न उचलणारे! शहरातील अनेक अंगणवाड्या भाड्याच्या खोलीत भरतात आणि तेथे शौचालयच नसते. मग सेविका मुलांना "घरी जाऊन ये," म्हणते आणि मूल रोखून धरावयास शिकते.

ह्यासाठी फार खर्चाची गरज नाही. मोठ्या भांड्यावर बसविता येईल अशी दोन पायऱ्यांची घट्ट चौकट, धरावयास भिंतीत एक आडवी दांडी, हलके छोटे टमरेल, दिवसाही उजेड येईल अशी खिडकी आणि दार आतून अडकणार नाही अशी व्यवस्था, एवढे झाले तरी निम्मी भीती जाते. कपड्यांविषयी पालकांशी बोलावे. पट्टा, बटणे आणि घट्ट जीनची विजार घातलेले मूल वेळेवर पोहोचले तरी वेळेवर मोकळे होत नाही. दप्तरात चड्डीचा एक जास्त जोड असावा आणि तो काढून देताना सेविकेने गंमत अथवा तिरस्कार, दोन्ही टाळावे. ओल्या मुलाला वर्गासमोर उभे करण्यात येते, त्या दिवशी इतर मुलेही एक धडा शिकतात. तो कोणता, हे सांगावयास नको.

आणखी एक गोष्ट ह्या भागापुरती विशेष आहे. आपल्या बालवाड्यांत मराठीबरोबर हिंदी, गुजराती, सिंधी, तामीळ, मल्याळी, उर्दू बोलणारी मुले बसतात. शहापूर-मुरबाडकडील पाड्यांतून आलेली कातकरी, ठाकूर मुले असतात. ह्या एका गरजेसाठी प्रत्येक घराचा एक खाजगी शब्द असतो आणि तो कोणत्याही पाठ्यपुस्तकात नसतो. मूल तीनदा आपला शब्द उच्चारते, बाईंना तो कळत नाही, चौथ्यांदा चड्डी ओली होते. कल्याणमधील एका सेविकेने हजेरीपटाच्या शेवटच्या पानावर मुलांची नावे आणि त्यांपुढे त्यांच्या घरचे शब्द लिहून ठेवले होते. मी पाहिलेल्या बालशिक्षणाच्या साधनांपैकी इतके स्वस्त आणि इतके उपयुक्त साधन दुसरे आठवत नाही.

वस्तीचे संडास आणि पंचायतीचे काम

ठाणे महानगरपालिका 1 ऑक्टोबर 1982 रोजी आणि कल्याण महानगरपालिका त्यानंतर बरोबर एक वर्षाने अस्तित्वात आली. त्यांच्या हद्दीतील पुष्कळ वस्त्या आजही सामुदायिक शौचालयांवर अवलंबून आहेत. सकाळी रांगेत मोठी माणसे कामाच्या घाईत असतात. लहान मुलाला मागे ढकलले जाते. आई मग त्याला गटाराच्या कडेला किंवा कागदावर बसविते. तिला दोष देऊन उपयोग नाही.

ह्यावरचा उपाय महाराष्ट्रातच करून दाखविण्यात आला आहे. पुणे महानगरपालिकेने 1999 पासून वस्तीतील लोकांच्या, विशेषतः महिला मिलनच्या बचत गटांच्या सहभागाने सामुदायिक शौचालये बांधण्याचा कार्यक्रम हाती घेतला. स्पार्क ही संस्था आणि झोपडपट्टीवासीयांचा राष्ट्रीय महासंघ त्यात सहभागी होते. त्या शौचालयांपैकी अनेकांत मुलांसाठी स्वतंत्र जागा ठेवण्यात आली : लहान भांडी, धरावयास मुठी आणि आत पडण्याची भीती वाटेल असे मोठे तोंड नाही. ही मागणी प्रत्यक्ष वापर करणाऱ्या आयांच्या अनुभवातून आली, म्हणून ती आराखड्यात टिकली. नव्या शौचालयाचा आराखडा मंजुरीस येतो, त्या वेळी "मुलांची भांडी कोठे?" हा प्रश्न नगरसेवकाने किंवा अभियंत्याने विचारला, तर तो लहान प्रश्न ठरू नये.

ग्रामीण भागात, विशेषतः भिवंडी व शहापूर तालुक्यांतील वीटभट्ट्यांवर, पावसाळा संपल्यावर येणारी कुटुंबे सहा-सात महिने भट्टीच्या शेजारी झोपडीत राहतात. तेथे शौचालयाची सोय क्वचितच असते. लहान मुलाची शी घाण नसते, अशी एक समजूत सर्वत्र आहे. ती चुकीची आहे. लहान मुलाच्या मळातूनही पटकी, विषमज्वर, कावीळ व जंत यांचा प्रसार होतो, आणि लहान मुलांना आतड्यांचे संसर्ग वारंवार होत असल्याने तो मळ अधिकच जपून हाताळावा लागतो. तो शौचकूपातच टाकावा किंवा खोल पुरावा आणि त्यानंतर आईने आपले व मुलाचे हात साबणाने धुवावेत. ग्रामपंचायतीने हागणदारीमुक्तीचा फलक लावताना गावातील दोन-तीन वर्षांच्या मुलांची शी रोज कोठे जाते, एवढे एकदा पाहून घ्यावे.

डॉक्टरांकडे केव्हा न्यावे

बहुतेक मुलांना धीर आणि सवय पुरते. परंतु काही लक्षणांत वाट पाहू नये. शीतून रक्त पडणे, पोट फुगून उलट्या होणे, वजन न वाढणे, जन्मल्यापासूनच शौचाला त्रास असणे, लघवीला जळजळ व ताप, लघवी सतत थेंब थेंब गळणे, पायांत अशक्तपणा, किंवा फार तहान लागून वारंवार लघवी होणे, ह्यांपैकी काहीही आढळल्यास त्वरित तपासणी करावी. मूल अनेक महिने कोरडे राहून एकाएकी पुन्हा ओले करू लागले, तर घरात काय बदलले ते पाहावे : नवे भावंड, स्थलांतर, आई-वडिलांचे भांडण. कधी कधी त्यामागे कोणीतरी केलेले अनुचित वर्तनही असते. मूल एखाद्या माणसाला किंवा जागेला विशेष घाबरू लागले असेल तर ते हसण्यावारी नेऊ नये. 1098 ह्या क्रमांकावर मदत मिळते. ज्या मुलांची बौद्धिक अथवा शारीरिक वाढ सावकाश होत आहे, त्यांनाही ही सवय लागू शकते, मात्र त्यांना अधिक वेळ द्यावा लागतो. त्या कारणावरून त्यांचा प्रवेश अडविणे अन्यायाचे आहे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ 6 फेब्रुवारी 2013 रोजी पालघर येथे, म्हणजे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, झाला. त्याची वैद्यकीय पथके अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा तपासणी करतात. पथक डोळे, दात, वजन पाहते. शौचाची तक्रार सेविकेने सांगितली नाही तर ती उघड होत नाही, कारण मूल ती सांगणार नाही आणि आई संकोचाने सांगत नाही. पथक येण्यापूर्वी सेविकेने अशा मुलांची नावे वेगळी लिहून ठेवावीत.

जूनमध्ये प्रवेश सुरू होतील तेव्हा अर्जावर एक ओळ वाढविता येईल. "शी-शू सांगते काय?" ह्याऐवजी "घरी शी-शूला कोणता शब्द वापरता? मुलाला कशाची भीती वाटते?" असे तेथे विचारावे, आणि उत्तर हजेरीपटात उतरवून घेऊन मुलाला त्याच दिवशी आत घ्यावे.